स्पर्धेत टिकणारा धंदा कसा आखावा: ठाणे आणि नवी मुंबईतील नवउद्योजकांसाठी मार्गदर्शन

कोपरीपासून कासारवडवलीपर्यंत किंवा ऐरोलीपासून पनवेलपर्यंत कुठेही पहिला धंदा उभा करू पाहणाऱ्या माणसाला त्याची योजना विचारली, तर बहुधा तीन गोष्टी ऐकायला मिळतात: माल चांगला ठेवू, भाव रास्त लावू आणि सेवा तत्पर देऊ. या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत यात वाद नाही. परंतु शेजारच्या गाळ्यातील माणूसही नेमके हेच ठरवून बसलेला असल्यामुळे त्यांना योजना म्हणता येत नाही. बाजारात आघाडी मिळवायची असेल, तर प्रश्न थोडा वेगळा विचारावा लागतो. आपण जे करणार आहोत ते शेजाऱ्याने उद्या करायचे ठरवले, तर त्यासाठी त्याला स्वतःच्या चालू धंद्यातले काय मोडावे लागेल? काहीच मोडावे लागणार नसेल, तर आपली आघाडी जेमतेम पहिल्या दिवाळीपर्यंत टिकते. त्याला हातचे गिऱ्हाईक, ठरलेली यंत्रणा किंवा मोठ्या कामाचे उत्पन्न सोडावे लागणार असेल, तर तो नक्कल करायला सहसा धजावत नाही. पुढील सर्व पायऱ्या या एका कसोटीभोवती रचलेल्या आहेत.

समजायला सोपे जावे म्हणून दोन धंदे डोळ्यांसमोर ठेवू. पहिला, घोडबंदर रस्त्यावरील गृहसंकुलांना संध्याकाळचा डबा पुरवणारे पोळीभाजी केंद्र. दुसरा, रबाळे एमआयडीसीत एका व्हीएमसी यंत्रावर (धातू कापणारे संगणकचालित यंत्र) जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांच्या ड्रॉइंगनुसार सुटे भाग बनवून देण्याचे काम, करणारा लहान कारखाना. दोन्ही उदाहरणे कल्पित आहेत आणि त्यांतील रुपयांचे हिशेबही उदाहरणादाखल धरलेले आहेत. वाचकाने आपले आकडे घालून तेच गणित पुन्हा करावे.

पायरी १: गिऱ्हाईक नव्हे, खरेदीचा प्रसंग शोधा

“आमचे गिऱ्हाईक म्हणजे मध्यमवर्गीय कुटुंबे” हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण त्यावरून काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी कोण, कोणत्या वेळी, कोणत्या अडचणीत असताना आणि कशाच्या ऐवजी आपल्याकडून खरेदी करणार आहे, हे एका वाक्यात लिहावे. “मानपाड्याच्या संकुलात राहणारे, दोघेही नोकरी करणारे जोडपे, रात्री आठच्या सुमारास वाहतुकीत अडकलेले असताना, घरी कुकर लावण्याऐवजी” असे वाक्य लिहिले की डबा किती वाजता पोहोचला पाहिजे, तो किती जणांचा असावा आणि पैसे कोणाच्या फोनवरून येणार, हे आपोआप स्पष्ट होऊ लागते.

हे वाक्य घरात बसून लिहिता येत नाही. ज्या संकुलांना माल पुरवायचा आहे, त्यांच्या फाटकाजवळ आठवड्यातल्या वेगवेगळ्या वारी संध्याकाळी सात ते साडेनऊ या वेळेत उभे राहावे आणि आत जाणाऱ्या पिशव्या मोजाव्यात. किती पिशव्या हॉटेलच्या, किती किराणा ॲपच्या, किती घरगुती डब्यांच्या, हे सुरक्षारक्षकाला विचारल्यास तो बहुधा आपल्यापेक्षा अचूक सांगतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातले चित्र आणि पंचवीस तारखेनंतरचे चित्र वेगळे असते, म्हणून दोन्ही पाहावेत. श्रावण, गणपती आणि मे महिन्याची सुट्टी यांनी मागणी कशी हलते याचा अंदाज जुन्या दुकानदारांकडून घ्यावा. थेट स्पर्धा नसेल तर अशी माहिती द्यायला ठाण्यातला दुकानदार फारशी खळखळ करत नाही.

एकाच शहरातही बाजार एकसारखा नसतो. नौपाडा आणि गोखले रस्ता येथे पायी फिरणारे, पिढ्यान्‌पिढ्या त्याच दुकानात जाणारे गिऱ्हाईक आहे. घोडबंदर रस्त्यावर गिऱ्हाईक टॉवरमध्ये राहते, गाडीतून उतरते ते थेट तळघरात, आणि रस्त्यावरील पाटी त्याच्या नजरेस पडतच नाही. तेथे संकुलाचा व्हॉट्सॲप समूह हीच बाजारपेठ असते. सिडकोने आखलेल्या नवी मुंबईत प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे उपनगरात, सेक्टरनिहाय दुकाने आहेत, त्यामुळे नेरूळच्या एका सेक्टरात जम बसला म्हणून तीन सेक्टर पलीकडचे लोक चालत येतील असे गृहीत धरू नये.

पायरी २: नफा कोण खाणार आहे हे एका पानावर मांडा

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी १९७९ साली मांडलेली पाच बळांची चौकट आजही नवख्या माणसाला सर्वांत उपयोगी पडते, कारण ती स्पर्धेकडे केवळ समोरच्या दुकानाच्या रूपाने पाहत नाही. सध्याचे स्पर्धक, नव्याने येऊ शकणारे स्पर्धक, पुरवठादार, गिऱ्हाईक आणि पर्यायी माल, या पाचही बाजूंनी आपला नफा ओढला जात असतो. एक कोरा कागद घेऊन त्यावर पाच चौकोन आखावेत आणि प्रत्येकात नावे लिहावीत. “बरेच स्पर्धक आहेत” असे मोघम लिहू नये.

पोळीभाजी केंद्राचा कागद भरून पाहू. सध्याचे स्पर्धक सहज दिसतात. नवे स्पर्धक येण्यास जवळजवळ कसलाच अडसर नाही, कारण स्वयंपाकघर प्रत्येक घरात आहे. पर्यायी मालाच्या चौकोनात हॉटेलापेक्षा घरी येऊन स्वयंपाक करणाऱ्या मावशींचे नाव वर असले पाहिजे. कुटुंबाच्या महिन्याच्या हिशेबात आपला डबा त्यांच्या पगाराशी तोलला जातो, पिझ्झ्याशी नव्हे. पुरवठादारांच्या चौकोनात नवखे लोक पीठ, तेल आणि भाजी लिहितात. पीठ दहा ठिकाणी मिळते. भराभर आणि एकसारख्या पोळ्या लाटणाऱ्या दोन-तीन बायका हा या धंद्यातला खरा दुर्मीळ पुरवठा आहे, आणि त्यांतील एक जरी समोरच्या केंद्रात गेली तरी आपला आठवडा कोलमडतो. त्यांची रोजी, सुट्टी, येण्याजाण्याची सोय आणि आजारपणातील बदली यांचा विचार भाजीच्या भावापेक्षा आधी केला पाहिजे.

याच संदर्भात वाशीच्या बाजाराविषयी सांगणे भाग आहे. तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतून पहाटे घाऊक भाजी आणली की आपण स्पर्धा जिंकली, असे अनेकांना वाटते. एका डब्यातील भाजीचा खर्च १४ रुपये धरला आणि घाऊक खरेदीत २० टक्के वाचले असे मानले, तर डब्यामागे २ रुपये ८० पैसे सुटतात. रोजच्या ७७ डब्यांमागे (हा आकडा पायरी ५ मध्ये काढला आहे) ही बचत साधारण २१५ रुपये होते. त्यातून टेम्पोचे भाडे, गोणीने घेतल्यामुळे सडणारा माल आणि मालकाची मोडलेली झोप वजा केल्यावर हाती काय उरते ते प्रत्येकाने पाहावे. या आकाराच्या धंद्याला जांभळी नाक्याची मंडई पुरते. रोज पाचशे डबे जाऊ लागले की वाशीचा विचार करावा.

रबाळ्याच्या कारखान्याचा कागद भरताना गिऱ्हाइकाच्या चौकोनावर पेन थांबते. लहान जॉबवर्कवाल्याचे बहुतांश काम एकाच मोठ्या पार्टीकडून येत असते आणि ती पार्टी भाव पाडते, ड्रॉइंग बदलते व पैसे सावकाश देते. कायद्याने येथे आधार दिलेला आहे. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे बिल लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकते करावे लागते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होते. आयकर कायद्यातील तरतुदीमुळे मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून वजा करून घेता येत नाही, त्यामुळे मार्चअखेर वसुलीला थोडा जोर येतो. मात्र हे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे, निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला ते मिळत नाही. शिवाय ज्या एकाच पार्टीवर आपले यंत्र चालते तिच्याविरुद्ध तक्रार करायला कोणीही सहसा पुढे येत नाही. म्हणून कोणत्याही एका पार्टीचे काम एकूण कामाच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ द्यायचे नाही, हा नियम पहिल्या वर्षापासून पाळावा. तो पाळताना सुरुवातीला यंत्र काही तास रिकामे राहील, आणि ते सोसण्याइतके भांडवल बाजूला ठेवलेले असावे.

पायरी ३: स्वस्ताई, वेगळेपण की मर्यादित क्षेत्र, यांतील एकच वाट निवडा

आघाडीचे ढोबळ मार्ग तीन आहेत. सर्वांत कमी खर्चात माल तयार करणे, लोक जास्त पैसे मोजतील असे वेगळेपण देणे, किंवा लहानशा ठरावीक गटाची गरज इतरांपेक्षा नेमकी भागवणे. नवख्या माणसाला पहिला मार्ग सोपा वाटतो, कारण भाव कमी करणे कोणालाही जमते. परंतु भाव कमी असणे आणि खर्च कमी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

याचे ठाण्याला जवळचे उदाहरण म्हणजे डीमार्ट. २००२ साली पवईत पहिले दुकान सुरू करणाऱ्या आणि २०१७ साली शेअर बाजारात नोंदलेल्या या कंपनीचे कॉर्पोरेट कार्यालय वागळे इस्टेटमध्ये आहे. तेथील भाव कमी आहेत ते मालकाने नफा सोडला म्हणून नव्हे. बहुतेक दुकानांच्या जागा कंपनीने विकत घेतलेल्या किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर असल्यामुळे दरवर्षी वाढणाऱ्या भाड्याचा बोजा कमी राहतो. पुरवठादारांचे पैसे लवकर दिले जात असल्यामुळे खरेदीत चांगला भाव मिळतो. पैसे लवकर देणे परवडते, कारण मालही शेल्फवर फार दिवस पडून राहत नाही. माल लवकर खपतो, कारण रोज लागणाऱ्या वस्तूंवर भर आहे आणि भाव कमी आहे. ही साखळी पाहिली म्हणजे लक्षात येते की तिच्यातील एखादी कडी उचलून कोणाला उपयोग नाही. भाड्याच्या गाळ्यात, उधारीवर माल भरून, डीमार्टचा भाव लावणारा किराणा दुकानदार स्वतःचेच भांडवल वाटत असतो.

दहा-पंधरा लाखांच्या भांडवलावर उभ्या राहणाऱ्या धंद्याने स्वस्ताईची वाट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वेगळेपणाची वाटही खर्चिक आहे, कारण वेगळेपण लोकांना पटेपर्यंत जाहिरात आणि संयम दोन्ही लागतात. उरतो तो तिसरा मार्ग, आणि ठाण्यासारख्या दाट वस्तीच्या शहरात तो पुरेसा मोठा असतो.

पायरी ४: काय करायचे नाही, हे लिहून भिंतीवर लावा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात, कारण दारात आलेले गिऱ्हाईक परत पाठवणे आपल्या अंगवळणी पडलेले नसते. मर्यादित क्षेत्र निवडले याचा अर्थच असा की बाकीच्या कामाला आपण नकार देणार आहोत. नकार लेखी नसेल तर तो पहिल्याच मंदीत विरघळतो.

पोळीभाजी केंद्राची नकारांची यादी अशी असू शकेल: दुपारचा डबा नाही, मोजक्या चार संकुलांबाहेर पोहोचवणे नाही, आठवड्याचा ठरलेला मेनू सोडून फर्माईश नाही, सुटे डबे नाहीत तर महिन्याची आगाऊ वर्गणीच, आणि जेवण पोहोचवणाऱ्या ॲपवर नोंदणी नाही. वरवर पाहता हे पायावर धोंडा पाडून घेणे वाटेल. पण प्रत्येक नकारातून काय मिळते ते पाहावे. चारच संकुले असल्यामुळे एक मुलगा एका फेरीत पंचवीस-तीस डबे पोहोचवतो आणि घोडबंदरच्या वाहतुकीत त्याला शिरावेच लागत नाही. मेनू ठरलेला असल्यामुळे उरलेली भाजी टाकावी लागत नाही. वर्गणी आगाऊ असल्यामुळे किराणा रोखीने घेता येतो. ॲप नसल्यामुळे कमिशन जात नाही आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गिऱ्हाइकाचा फोन नंबर व आवडनिवड आपल्याकडेच राहते.

आता सुरुवातीची कसोटी लावू. त्याच रस्त्यावरील उपाहारगृहाला हे जमेल का? त्याच्याकडे पंजाबी, चायनीज, दक्षिणी असा भला मोठा मेनू आहे, त्यासाठी ठेवलेले आचारी आहेत आणि संध्याकाळी सात ते नऊ ही त्याच्या टेबलांची ऐन घाईची वेळ आहे. नेमक्या त्या वेळी ऐंशी साधे डबे भरायचे तर त्याला जास्त नफ्याचे काम बाजूला सारावे लागेल. तो ते करणार नाही. स्वयंपाकघर असलेली दुसरी एखादी गृहिणी मात्र हे करू शकते, म्हणून तिच्याविरुद्धचा बचाव वेगळा लागतो: चार संकुलांतील बहुतेक इच्छुक घरे लवकरात लवकर वर्गणीदार करून घेणे, म्हणजे मागून येणाऱ्याच्या वाट्याला एकेका इमारतीत दोन-दोन डबे उरतील आणि त्याला पोहोचवण्याचा खर्च परवडणार नाही.

कारखान्याच्या उदाहरणात ही गोष्ट आकड्यांत दाखवता येते. व्हीएमसी यंत्राचा तासाचा दर ६०० रुपये, नवे काम यंत्रावर चढवायला म्हणजे सेटिंगला ३ तास आणि एका नगाला १० मिनिटे लागतात असे धरू. ५०० नगांच्या कामात सेटिंगचा खर्च नगामागे अवघा ३ रुपये ६० पैसे पडतो, म्हणून मोठ्या शॉपला, म्हणजे मोठ्या जॉबवर्क कारखान्याला, सेटिंगची फिकीर नसते. १० नगांच्या कामात तोच खर्च नगामागे १८० रुपये होतो, जो प्रत्यक्ष कापणीच्या १०० रुपयांपेक्षाही जास्त आहे. आता एखाद्याने आपला कारखाना लहान कामासाठीच रचला असे समजा: टेबलावर कायमची झिरो पॉइंट प्लेट (काम दर वेळी नेमक्या जागी चटकन पकडणारी पाटी) बसवली, नेहमीची हत्यारे मॅगझिनमध्ये, म्हणजे यंत्राच्या हत्यारखणात, ठरलेल्या क्रमांकांवर ठेवली, प्रत्येक जुन्या कामाचा प्रोग्रॅम आणि फिक्श्चरचा (नग पकडण्याच्या साच्याचा) फोटो नाव घालून जपला, आणि सेटिंग ४० मिनिटांवर आणले. मग १० नगांच्या कामात सेटिंगचा भार नगामागे ४० रुपये राहतो.

अशी कामे कोणाकडे असतात? ठाणे-बेलापूर पट्टा आणि तळोजा येथील रासायनिक व औषधी कारखान्यांच्या देखभाल विभागांकडे. पंपाचा शाफ्ट किंवा कपलिंग तुटले की त्यांचा सगळा विभाग थांबतो. त्या वेळी देखभाल व्यवस्थापकाला नग ३०० रुपयांना पडला की ४५० ला याच्याशी कर्तव्य नसते, तो उद्या सकाळी मिळेल का एवढेच त्याला हवे असते. मोठ्या शॉपने हे ब्रेकडाऊनचे काम घ्यायचे तर त्याला चालू असलेली ५०० नगांची रांग मध्येच उतरवून नंतर पुन्हा चढवावी लागते, म्हणजे दोन वेळचे सेटिंग आणि ठरलेल्या पार्टीची मुदत चुकणे. म्हणून तो नकार देतो किंवा आठवड्याचा वायदा करतो. या आघाडीची किंमतही मोजावी लागते: आपले यंत्र सतत भरलेले ठेवता येत नाही, कारण भरलेले यंत्र तातडीचे काम घेऊ शकत नाही. त्यामुळे पाचशे नगांची ऑर्डर हसतमुखाने नाकारावी लागते. ज्याला हे जमत नाही, त्याने ही वाट निवडू नये.

पायरी ५: एका नगाचा हिशेब करा आणि मगच सवलतीचे नाव काढा

डब्याची किंमत १२० रुपये धरू. कच्चा माल ४८, डबा-पिशवी ८ आणि पोहोचवणे १५, असे ७१ रुपये प्रत्येक डब्यामागे जातात आणि ४९ रुपये उरतात. भाडे, पगार, वीज, गॅस आणि हप्ता असा महिन्याचा ठरलेला खर्च ९८,००० रुपये असेल, तर तो भागवायला महिन्याला २,००० डबे, म्हणजे २६ दिवसांच्या हिशेबाने रोज ७७ डबे जावे लागतात. यात मालकाचा स्वतःचा पगार धरला आहे की नाही, हे पहिल्यांदा तपासावे. तो बहुधा धरलेला नसतो.

आता समोर नवे केंद्र उघडले म्हणून आपण २० रुपये सूट दिली असे समजा. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ही जेमतेम १७ टक्क्यांची सूट आहे. आपल्याकडे मात्र डब्यामागे ४९ ऐवजी २९ रुपयेच उरतात आणि तोच खर्च भागवायला महिन्याला सुमारे ३,३८० डबे, म्हणजे रोज १३० डबे लागतात. १७ टक्के सूट भरून काढायला सुमारे ६९ टक्के जास्त विक्री हवी, आणि तेवढे डबे करायला पोळ्या लाटणारी आणखी माणसे हवीत. सवलतीने गिऱ्हाईक येते हे खरे असले, तरी ते सवलतीपुरतेच येते, हा अनुभव बाजारात सर्वांनाच आहे.

कराचाही हिशेब याच पायरीवर करावा. महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची वार्षिक उलाढालीची सर्वसाधारण मर्यादा मालासाठी ४० लाख आणि सेवेसाठी २० लाख रुपये आहे. तयार जेवण पुरवणे ही सेवा धरली जाते. महिन्याला २,००० डबे म्हणजे वर्षाला २८ लाख ८० हजार रुपयांची उलाढाल झाली, म्हणजे ना नफा ना तोटा होईपर्यंतच आपण नोंदणीच्या कक्षेत जातो. ५ टक्के कर १२० रुपयांच्या आतच सोसायचा ठरवला, तर डब्यामागे उरणारी रक्कम साधारण ४३ रुपयांवर येते आणि रोजचे ७७ डबे ८७ होतात. आपल्या धंद्याला नेमका कोणता दर आणि कोणती योजना लागू आहे, हे सनदी लेखापालाकडून सुरुवातीलाच निश्चित करून घ्यावे.

पायरी ६: कागदपत्रे

येथे फार वेळ घालवू नये, पण टाळाटाळही करू नये. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्णपणे निःशुल्क होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून आणि एजंटांपासून दूर राहावे. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो, त्यामुळे या लेखाचे बहुतेक वाचक त्याच वर्गात येतील. खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयची (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना लागतो. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यासाठी वापरता येत नाही. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा आणि त्याचा भाव हिशेबात धरावा. नावाचे ट्रेडमार्क लवकर करून घ्यावे: व्यक्तीला आणि लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क माल-सेवेच्या प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षे टिकते. नाव ठरवताना “ठाणे”, “शुद्ध”, “घरगुती” असे वर्णनपर शब्द टाळावेत, कारण त्यांवर एकट्याचा हक्क मिळणे अवघड असते. मुद्रा योजनेखालील कर्जाची चौकशी बँकेत आणि इतर योजनांची जिल्हा उद्योग केंद्रात करावी, पण अनुदान मिळेल या भरवशावर यंत्राची ऑर्डर देऊ नये.

पायरी ७: तीन महिने लहान प्रमाणावर चालवून पाहा

या काळात एकूण विक्रीपेक्षा दोन आकडे जपावेत. पहिला, पहिल्या महिन्यातील किती गिऱ्हाइकांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्याचे पैसे भरले. दुसरा, किती नवे गिऱ्हाईक कोणाच्या सांगण्यावरून आले. विक्री वाढत असूनही हे दोन आकडे खाली जात असतील, तर आपण भोके पडलेल्या हंड्यात पाणी ओतत आहोत. वर्गणी थांबवणाऱ्या प्रत्येकाला फोन करून कारण विचारावे. “सध्या गरज नाही” हे पहिले उत्तर खरे नसते. मग कोणाकडून घेता, असे सरळ विचारले की खरे कारण निघते.

नक्कल करणारा याच काळात किंवा थोड्या पुढे हमखास येतो. तो आल्यावर भाव, नाव किंवा मेनू यांना हात लावण्यापूर्वी त्याने नेमके काय उचलले आहे ते पाहावे. त्याने फक्त मेनू आणि पत्रकाची भाषा उचलली असेल तर काहीही करू नये. त्याने आपल्या पोळ्या करणाऱ्या मावशींना जास्त रोजी देऊ केली असेल, किंवा आपल्या संकुलांतल्या वर्गणीदारांना फुकट महिना देऊ केला असेल, तर मात्र त्याच आठवड्यात हालचाल करावी: माणसांची रोजी वाढवावी आणि जुन्या वर्गणीदारांना सूट न देता तीन महिन्यांच्या नूतनीकरणावर एखादी सोय द्यावी, उदाहरणार्थ गावी गेल्यावरचे दिवस पुढे ढकलून मिळणे.

पायरी ८: गाळा सर्वांत शेवटी घ्या

बहुतेक जण गाळ्यापासून सुरुवात करतात. हा क्रम उलटा आहे, कारण डिपॉझिट अडकून पडते आणि दिलेले भाडे परत मिळत नाही. शिवाय मोक्याची जागा हीच आपली आघाडी असेल, तर तिचा फायदा दीर्घकाळ आपल्याकडे राहत नाही. पुढच्या करारात तो भाडेवाढीच्या रूपाने मालकाकडे जातो. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला, २०२५ च्या ऑक्टोबरात नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन होऊन डिसेंबरात विमाने उडू लागली, आणि त्या दोन्हींच्या नावाने उलवे-पनवेल भागातील गाळ्यांची जाहिरात कशी होते हे आपण पाहतोच. विमानतळामुळे माणसे येतील हे जागामालकाला आपल्याआधी ठाऊक असते आणि त्याने ते भाड्यात आधीच धरलेले असते.

डबा पुरवणाऱ्याला रस्त्यालगतचा गाळा लागतच नाही. मागच्या गल्लीतली, पाणी, धूर बाहेर जाण्याची सोय आणि दुचाकी लावायला जागा असलेली जागा निम्म्या भाड्यात तेच काम करते. जॉबवर्कवाल्याने मात्र मंजूर वीजभार, गाळ्यापर्यंत टेम्पो येतो का आणि पावसाळ्यात पाणी भरते का, हे जुलै महिन्यात जाऊन पाहावे. करार करताना लॉक-इनचा, म्हणजे करार मध्येच सोडता न येण्याचा, काळ दोन्ही बाजूंना बांधणारा आहे का ते वाचावे, कारण अनेक मसुद्यांत तो फक्त भाडेकरूला बांधतो. वार्षिक वाढीची टक्केवारी, डिपॉझिट परत करण्याची मुदत आणि गाळ्यात केलेल्या विजेच्या व गटाराच्या कामाचे पुढे काय होणार, या तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी बंधनकारक आहे आणि ती करून देण्याची जबाबदारी कायद्याने जागामालकावर आहे. नोंदणी होईपर्यंत डिपॉझिटची पूर्ण रक्कम हातची सोडू नये.